रिपोर्टात ‘नाबोथियन सिस्ट’ आलंय? आधी हे वाचा

सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडला की बऱ्याच ताई-मावशी काउंटरवरच विचारतात, सर्व्हिक्सच्या (म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या) ओळीत सिस्ट लिहिलंय म्हणजे गाठच की, आता पिशवी काढायला लागणार काय? नाही लागत. खानापूर-निपाणीकडनं परत एवढं विचारायला बस धरून यायला नको म्हणून हे छापलंय.

पिशवीच्या तोंडाशी चिकट पाणी सोडणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. बाळंतपणानंतर, नाहीतर जुनी सूज भरून येताना वरची नवी कातडी त्यांच्यावर चढते, वाट बंद होते, पाणी आतच साठून फुगा धरतो, बस एवढंच. डॉक्टरांना आत बघताना पांढरट-पिवळसर साबुदाण्यागत दिसतो, बहुतेक वेळा काही मिलीमीटरचाच, क्वचित ३-४ सेंटीमीटर. १७०७ साली मार्टिन नाबोथ या जर्मन डॉक्टरने यावर लिहिलं तेव्हा त्याला ही बाईची अंडीच वाटली होती, म्हणजे घोटाळा जुनाच हाय.

हा कॅन्सर नव्हे आणि सहसा याचा कॅन्सर होतही नाही, मूल राहायलाही सहसा अडत नाही. गोळ्यांचा कोर्स नको, काढा नको. कधी आपोआप फुटतो, कधी वर्षानुवर्षं तसाच बसतो, परत दुसरा येतो, येऊ दे. फारच मोठा झाला, दुखायला लागला किंवा तपासणीला आड यायला लागला तरच डॉक्टर टोचून पाणी काढतात नाहीतर जाळतात, सहसा त्याच दिवशी घरी. नुसत्या या सिस्टसाठी कुणी पिशवी काढायला सांगितलं तर सही करायच्या आधी रिपोर्ट घेऊन दुसऱ्या गायनॅकला दाखवाच, घाई कसली?

मात्र संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मधेच रक्त, पाळी कायमची गेल्यावर परत डाग, घाण वासाचं किंवा पाण्यागत सारखं अंगावरून जाणं, यातलं काही असलं तर सिस्टवर ढकलून घरी बसू नका, लगेच दाखवा.

आणि एक, सोनोग्राफी क्लिअर आली म्हणजे पिशवीच्या तोंडाची कॅन्सर तपासणी झाली असं नव्हे हं. त्याला पॅप स्मिअर (तोंडावरच्या पेशी पुसून घेऊन तपासणं) किंवा एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू) टेस्ट लागते. सरकारी दवाखान्यात याच तपासणीसाठी तिशीनंतर दर ५ वर्षांनी पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ अ‍ॅसिड लावून बघतात, आशाताईला विचारा.

पुढच्या वेळी येताना जुना रिपोर्ट आणा, माप वाढलंय काय ते शेजारी ठेवून बघता येतं.