घरपट्टी आणि सातबारा: नाशिकच्या दोन दप्तरांचा इतिहास

नाशिकमध्ये जुने घर किंवा वाड्यातला हिस्सा विकत घ्यायला निघालेल्या माणसाला एक अनुभव हमखास येतो. घरपट्टीच्या बिलावर एकाचे नाव असते, जमिनीच्या उताऱ्यावर दुसऱ्याचे, आणि खरेदीखत तिसऱ्याच्या नावावर निघते. घेणारा धास्तावतो. मध्यस्थ सांगतो, "इथे असेच असते," आणि बयाणा दिला जातो. हे तिन्ही कागद एकाच वेळी खरे असू शकतात, आणि तरीही तिघांपैकी एकच माणूस मालक असू शकतो. असे का होते, हे कळायला हे कागद कोणी, कधी आणि कशासाठी लिहायला घेतले ते पाहावे लागते. ही माहिती वकील, तलाठी आणि एजंट यांच्यापुरती राहते आणि त्याची किंमत सामान्य कुटुंबे मोजतात, म्हणून ती मुळापासून मांडतो आहे.

मराठेशाहीत शेतावर सारा होता आणि शेती न करणाऱ्या व्यापारी-कारागिरांवर घरपट्टी, मोहतर्फा असे वेगळे कर होते. जमिनीचा हिशेब एकीकडे आणि घरादुकानांचा दुसरीकडे, ही विभागणी तेव्हापासूनची. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि इंग्रजांना साऱ्याची पक्की व्यवस्था हवी होती. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापुरापासून जी मोजणी सुरू केली, तीच पद्धत पुढे दख्खनभर पसरली. प्रत्येक शेताला नंबर, एकर-गुंठ्यांत क्षेत्र, मातीची प्रत, आणि त्यावरून तीस वर्षांसाठी ठरवलेला आकार, म्हणजे साऱ्याची रक्कम. आजच्या सातबाऱ्यावर 'आकार' आणि 'पोटखराबा' (लागवडीला निरुपयोगी भाग) हे रकाने दिसतात ते या मोजणीचेच वंशज. नाशिक जिल्हाही या व्यवस्थेनंतरचा, १८६९ मध्ये वेगळा झालेला.

या मोजणीचा हेतू एकच होता: सारा कोणाकडून घ्यायचा. मालकी ठरवणे हे तिचे काम नव्हते. त्यामुळे जिथे शेतसारा लागत नव्हता, ते गावठाण मोजणीतून बाहेर राहिले. सराफ बाजार, भद्रकाली, रविवार कारंजाचा परिसर, पंचवटीचा जुना भाग, म्हणजे ज्याला आपण आज जुने नाशिक म्हणतो तिथल्या वाड्यांना सातबारा नसतो, त्याचे कारण हे. "सातबाराच नाही म्हणजे कागदात गडबड आहे," असे जुन्या नाशकातल्या घराबद्दल कोणी सांगितले, तर ते खरे मानू नका.

मग या घरांची नोंद होती कुठे? नाशिक नगरपालिका १८६४ ची. तिने घरांवर कर आकारायचा तर घरांची यादी हवी, म्हणून करआकारणीचे रजिस्टर आले. जुन्या गावठाणात बराच काळ रोजच्या व्यवहारात हाताशी असलेला सरकारी कागद हाच, आणि लोकांनी त्यालाच मालकीचा पुरावा मानायला सुरुवात केली. ती समजूत आजही घट्ट आहे. पण नगरपालिकेचा प्रश्न वेगळा होता: बिल कोणाला द्यायचे? म्हणून तिने जो घरात राहतो त्याचेही नाव भोगवटादार म्हणून लिहिले. भाडेकरू, मूळ मालकाचा चुलतभाऊ, वाड्याचा कारभार पाहणारी विधवा काकू, अशी कितीतरी नावे त्या रजिस्टरात शिरली आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिली. घरपट्टीच्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. ताबा किंवा वहिवाट दाखवायला ती उपयोगी पडते, एवढेच तिचे बळ.

गावठाणातल्या मालकीची रीतसर चौकशी झाली ती नगर भूमापनात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्या कलम १२६ मध्ये या मोजणीची तरतूद आहे. घरोघरी मोजणी करून, कागद तपासून, प्रत्येक मिळकतीला सिटीएस नंबर, म्हणजे नगर भूमापन क्रमांक दिला जातो आणि मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड तयार होते. त्यातला 'सत्ता प्रकार' हा रकाना लोक वाचतच नाहीत. जागा खासगी मालकीची आहे, सरकारने भाडेपट्ट्याने दिलेली आहे की सरकार-पालिकेची आहे, हे तिथे कळते. जुन्या नाशकात घर घेताना मी सगळ्यात आधी हा रकाना पाहायला सांगेन, नावे नंतर.

गावठाणाबाहेरची कहाणी वेगळी. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी, आनंदवल्ली, गंगापूर ही शहरात आलेली गावे मुळात शेतीची. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदीला सुरुवात झाली आणि जमिनीवर कोणाचा काय हक्क आहे, तो कसा बदलला, हे फेरफारात लिहिले जाऊ लागले. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, बारा ही पिकांची नोंद. दोन्ही मिळून सातबारा. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार, आठ-अ म्हणजे खातेदाराच्या नावावरच्या जमिनींचा उतारा. सातबारा हा निकाल आहे आणि फेरफार ही त्यामागची हकिकत. निकाल पाहून थांबणारा माणूस अडचणीत येतो.

समजा, मखमलाबादच्या बाजूला एक बिनशेती प्लॉट आहे. आजच्या सातबाऱ्यावर एका कुटुंबाचे नाव, क्षेत्र चौरस मीटरमध्ये, सगळे नीटनेटके. आता जुना हस्तलिखित उतारा काढा. नावे कंसात टाकलेली दिसतील, म्हणजे ती कमी झाली. शेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक. एकेक फेरफार उघडत मागे गेलो की गेल्या शतकाचे सगळे कायदे एका तुकड्यावरून गेलेले दिसतात. एखादा फेरफार १९४८ च्या कुळकायद्याचा असतो: १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन धरून कुळे मालक झाली, त्या कायद्याच्या कलम 'बत्तीस ग' खाली किंमत ठरली. अशी जमीन विकायला कलम ४३ ची अट होती आणि परवानगी घेतली की नाही, हे तिथेच तपासावे लागते. दुसरा फेरफार तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा, ज्यात जुना सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आला. तिसरा १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याचा. महाराष्ट्राने हा कायदा नोव्हेंबर २००७ मध्ये रद्द केला, पण 'इतर अधिकार' या रकान्यातला त्याचा शेरा अनेक उताऱ्यांवर तसाच राहिला. पंचवटीच्या बाजूला देवस्थान इनामाचा शेरा निघाला, तर व्यवहार तिथेच थांबवून वकिलाकडे जावे. देवस्थानची जमीन साध्या खरेदीखताने विकता येत नाही.

एवढे सगळे असूनही सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. महसूल संहितेचे कलम १५७ सांगते की हक्कनोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानायची. गृहीतक म्हणून ते मजबूत आहे, पण मालकी देते ते खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र किंवा वारसा. म्हणून १९०८ च्या नोंदणी कायद्याचे दप्तर, म्हणजे दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक दोन हा तिसरा महत्त्वाचा कागद. कोणी कोणाला काय, कितीला विकले, बँकेकडे गहाण ठेवले का, हे तिथून कळते. वकील तीस वर्षांचा सर्च घेतात तो याचा. अलीकडच्या दस्तांची सूची नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. जुन्यासाठी कार्यालयात शोध फी भरून पुस्तके पाहावी लागतात. नाशिकमध्ये महापालिका घरपट्टीच्या खात्यालाही 'इंडेक्स नंबर' देते. त्या नंबराचा आणि नोंदणीच्या 'इंडेक्स टू'चा काही संबंध नाही.

शहराचे काही तुकडे या दोन्ही दप्तरांच्या पलीकडचे आहेत. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत जमीन एमआयडीसीची आणि कारखानदार पट्टेदार. नवीन नाशिकमध्ये सिडकोने सहा योजना उभ्या केल्या. तिथली घरे मुळात ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली, त्यामुळे हस्तांतराची नोंद सिडकोकडे झाली की नाही, हे पाहणे भाग आहे. देवळाली छावणीत तर महापालिकाच नाही: कर छावणी मंडळाचा, आणि जमिनीची नोंद संरक्षण खात्याच्या जनरल लँड रजिस्टरमध्ये. तिथल्या जुन्या बंगल्यात बांधकाम एकाचे आणि जमीन केंद्र सरकारची, असे असू शकते.

आता कराकडे वळू. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या पालिका व आजूबाजूची गावे मिळून ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक महानगरपालिका झाली आणि तिला १९४९ चा प्रांतिक महानगरपालिका अधिनियम लागू झाला. आज त्याचे नाव महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम आहे. आकारणीचा पाया आहे वार्षिक भाडेमूल्य: ही मिळकत भाड्याने दिली तर वर्षाला वाजवी भाडे किती येईल? त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा केले की उरते ते करयोग्य मूल्य. समजण्यापुरते आकडे घेऊ. ६० चौरस मीटरचे घर आणि महिन्याला चौरस मीटरमागे १० रुपये दर धरला, तर वर्षाचे ७,२०० रुपये. दहा टक्के गेले की ६,४८०. बिलातला सर्वसाधारण कर, मलनिस्सारण, पाणी, अग्निशमन, वृक्ष वगैरेंचे कर बहुतेक या रकमेच्या टक्केवारीत लागतात. शिक्षण कर आणि बिगरनिवासी मिळकतींवरचा रोजगार हमी कर हे राज्याचे. पालिका ते फक्त गोळा करून देते.

जुन्या वाड्यांचे बिल इतके लहान का, याचे उत्तर भाडेमूल्यात आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, आणि प्रमाण भाड्याच्या, म्हणजे त्या कायद्याने ठरणाऱ्या भाड्याच्या वर भाडेमूल्य धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. पडक्या वाड्याच्या मालकाला भाडे पुरत नाही आणि पालिकेलाही कर मिळत नाही, ही अवस्था तिथून आली. शिवाय पालिकेला घाईही नव्हती, कारण जकात होती. नाक्यावर रोज रोख येत असताना घरपट्टी वाढवून नागरिकांचा रोष घ्यायला कोण तयार होणार? भाडेमूल्याचे दर वर्षानुवर्षे तसेच राहिले. मग २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही गेला, २०१७ मध्ये जीएसटी. पालिकेच्या हातात स्वतःचे असे मोठे उत्पन्न उरले ते मुख्यतः घरपट्टी आणि विकास शुल्काचे.

हा ताण २०१८ मध्ये फुटला. तेव्हाचे आयुक्त तुकाराम मुंढे यांनी १ एप्रिल २०१८ पासून नव्या मिळकतींच्या भाडेमूल्याचे दर कित्येक पटींनी वाढवले आणि मोकळ्या जागांवरही वाढीव आकारणी केली. शेतकरी रस्त्यावर आले, महासभेने विरोध केला, आयुक्तांवर अविश्वास ठरावाची तयारी झाली. १ सप्टेंबरची सभा अखेर झाली नाही, दर काही प्रमाणात खाली आले, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची बदली झाली. या वादाचा कायदेशीर गाभा समजून घेण्यासारखा आहे. कराचा टक्का दरवर्षी २० फेब्रुवारीपर्यंत महासभा ठरवते. भाडेमूल्य ठरवणे हे आयुक्तांचे काम. टक्का तसाच ठेवून बिल अनेक पट होऊ शकते, ते यामुळे.

नवे दर नव्या आकारणीपुरते ठेवण्याचे परिणाम आजही बिलात दिसतात. एकाच गल्लीत, तेवढ्याच क्षेत्राच्या दोन घरांपैकी २०१८ आधी आकारणी झालेल्याचे बिल कमी आणि नंतरच्याचे कितीतरी जास्त. हे मला अन्यायाचे वाटते. जुन्यांचे दर टप्प्याटप्प्याने आणि नव्यांचे थोडे खाली, असा मार्ग काढणे शक्य होते. नवीन फ्लॅट घेणाऱ्याने म्हणून शेजारच्या जुन्या इमारतीचे बिल पाहून अंदाज बांधू नये. बिल्डरकडून पूर्णत्वाचा दाखला आणि आकारणीचे वर्ष विचारून घ्यावे. दाखल्याशिवायच्या किंवा वाढीव बांधकामावर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ खाली कराच्या दुप्पट शास्ती लागू शकते, आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती वेगळी. घर विकले तरी थकबाकी मिळकतीला चिकटलेली राहते, म्हणून खरेदीआधी विक्रेत्याकडून थकबाकी नसल्याचा दाखला मागावा.

कागद मिळवणे आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो, आणि तो सरकारी कामाला चालतो. आठ-अ, फेरफार आणि मिळकत पत्रिकाही महाभूमीच्या संकेतस्थळावर आहेत. जुने हस्तलिखित उतारे तहसीलच्या अभिलेख कक्षातून, मोजणीचे टिपण आणि फाळणीचे नकाशे भूमी अभिलेख कार्यालयातून नक्कल अर्ज करून मिळतात. काही फार जुने कागद मोडीत आहेत आणि ते जाणकाराकडून वाचून घ्यावे लागतात. फ्लॅटला स्वतंत्र सातबारा नसतो. तिथे जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ शेतकऱ्याच्या नावावर आहे का, अपार्टमेंटचे डिक्लरेशन किंवा सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) झाले का, ते पाहावे.

नवी आकारणी किंवा वाढ करण्याआधी पालिका विशेष नोटीस देते आणि तीत हरकतीची मुदत असते. ती नोटीस अनेकदा कुलूपबंद फ्लॅटच्या दारात पडून राहते आणि मुदत निघून जाते. हरकत लेखी द्यावी, मोजमाप चुकले असेल तर मंजूर नकाशाची प्रत जोडावी, पोच घ्यावी. हरकतीच्या निकालाने समाधान झाले नाही, तर त्याच अधिनियमाच्या कलम ४०६ खाली पंधरा दिवसांत न्यायालयात अपील करता येते, पण त्यासाठी वादातली रक्कम आधी भरावी लागते. वाड्यातल्या हिस्सेदारांनी घरपट्टीवर वारसांची नावे लावताना त्याच आठवड्यात मिळकत पत्रिकेसाठीही नगर भूमापन कार्यालयात अर्ज द्यावा. एका दप्तरातली नोंद दुसऱ्यात आपोआप जात नाही.