भरती-ओहोटीने आखलेली समुद्रातली सीमा

पौर्णिमा आली की मोबाइलवर हमखास एक संदेश फिरतो: माणसाच्या शरीरात सत्तर टक्के पाणी, म्हणून चंद्र आपल्या आतही भरती आणतो. हे साफ चूक आहे. पृथ्वीच्या चंद्राकडच्या बाजूवर त्याची ओढ जास्त आणि पलीकडच्या बाजूवर कमी असते. या फरकामुळे भरती येते. पावणेतेरा हजार किलोमीटर व्यासाच्या पृथ्वीवर तो फरक समुद्र हलवतो. साडेपाच फुटी देहात तो शून्याच्याच जवळ असतो. चंद्राची खरी करामत बघायची तर आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यामधला आयरिश समुद्र बघावा.

उन्हाळ्यात तिथे वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि वरच राहतं. खाली थंड, जड पाणी. पण भरती-ओहोटीचं पाणी तळाला घासत धावतं आणि रवीसारखं खालून घुसळत राहतं. घुसळण जिंकली तर तळापासून वरपर्यंत एकच तापमान. ऊन जिंकलं तर दोन थर. या दोन प्रदेशांमधली सीमा म्हणजे फ्रंट.

ही सीमा कुठे पडणार, याचा हिशोब समुद्रशास्त्रज्ञ जॉन सिम्प्सन आणि जॉन हंटर यांनी १९७४ साली मांडला, आणि तो मला फार आवडतो. तळाचं घर्षण प्रवाहाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. घर्षणाला पुन्हा वेगाने गुणलं की घुसळण्याची शक्ती मिळते, म्हणजे वेगाचा घन. वेग दुप्पट झाला तर घुसळण आठपट! उलट, पाणी जितकं खोल तितकी ते एकजीव करायला ऊर्जा जास्त लागते. म्हणून खोलीला वेगाच्या घनाने भागायचं. हा भागाकार एका ठरावीक आकड्याच्या आसपास येतो तिथे फ्रंट सापडतो. उपग्रहांच्या तापमान-चित्रांत या रेषा खरोखरच जवळपास तिथेच दिसल्या.

आता पश्चिम आयरिश समुद्र घ्या. भरतीची लाट उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही तोंडांतून आत शिरते. या समुद्राच्या मधोमध असलेल्या आइल ऑफ मॅन बेटाच्या नैऋत्येला दोन्ही लाटा भेटतात आणि तिथे पाणी वर-खाली होतं, पण वाहतं थोडं. शिवाय तिथे खोलीही जास्त. त्यामुळे हिवाळ्याचं थंड पाणी उन्हाळाभर तळाशी घुमटासारखं साचून राहतं. जड पाण्याच्या या स्तंभावर समुद्राची पातळी आजूबाजूपेक्षा किंचित खाली असते. वरचं पाणी मध्याकडे ओढलं जातं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात ते उजवीकडे वळतं आणि मध्यावर पोचण्याऐवजी घुमटाभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरू लागतं. या फेऱ्याला ना वारा लागतो, ना नदी.

मंद प्रवाहामुळेच इथल्या तळावर मऊ चिखल बसतो. त्या चिखलात बिळं करून डब्लिन बे प्रॉन नावाचे छोटे शेवंड राहतात. त्यांची पिल्लं सुरुवातीचे काही आठवडे पाण्यात तरंगतात. ती दूर वाहून गेली तर चिखल मिळणार नाही. हा फेरा त्यांतल्या बऱ्याच पिल्लांना चिखलावरच घोळवत ठेवतो.

आपल्याकडे कोळी बांधव उधाण (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) यांवर लक्ष ठेवतात. उधाणाला प्रवाहाचा वेग भांगाच्या दुपटीच्या घरात जातो, म्हणजे घुसळण आठपट; मग आयरिश समुद्रातला फ्रंट पंधरवड्यात लांबच लांब सरकायला हवा. प्रत्यक्षात तो काही किलोमीटरच हलतो. कारण भांगात जमलेले थर मोडायला उधाणाचे मोजके दिवस पुरत नाहीत. ते काम शरदात होतं: ऊन उतरतं, वादळं सुरू होतात, थर मोडतात आणि घुमटाबरोबर फेराही विरतो.