लांडग्यांच्या कळपात ‘अल्फा’ नसतो, आईबाप असतात

लांडग्याचं रक्त असलेलं कुत्रं पाळायचं तर त्याला उताणं पाडून दाबून धरा, आपणच ‘अल्फा’, म्हणजे कळपाचा म्होरक्या, आहोत हे दाखवा, असा सल्ला अजूनही फिरतो. तो साफ चुकीचा आहे. लांडगे मारामारी करून ‘अल्फा’ ठरवतात, या समजाचं मूळ प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडोल्फ शेंकेल यांच्या १९४७च्या अभ्यासात आहे, आणि ते लांडगे होते स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले. पळायला जागाच नाही, मग मारामाऱ्या होणारच! रानात कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. वयात आलेलं पिल्लू घर सोडून जातं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी कॅनडाच्या एल्समिअर बेटावर अनेक उन्हाळे हेच पाहिलं आणि १९९९मध्ये मांडलं. दाबून धरलेलं जनावर अंग ताठ करतं, शेपटी पोटाशी घेतं. ती आज्ञाधारकता नव्हे, भीती आहे. अशी भेदरलेली जनावरं पुढे चावू शकतात आणि मग जन्मभर साखळीला बांधली जाऊ शकतात.