लष्करी तळांवरील दूषित पावसाळी अपधाव

लष्करी विमानतळ, नौदल गोदी, दारूगोळ्याचे कारखाने आणि गोळीबाराची मैदाने यांवर पडलेला पाऊस वाहून जाताना तिथली रसायने सोबत नेतो. जमिनीवरून वाहणाऱ्या या पाण्याला अपधाव म्हणतात. हे पाणी हद्दीबाहेरच्या ओढ्यात किंवा खाडीत शिरण्याआधी अडवून शुद्ध करावे लागते. कारखान्याचे सांडपाणी बहुधा ठरावीक प्रमाणात येते. पावसाचे पाणी मात्र एका सरीत लोंढ्याने येते आणि त्यात विष अतिशय विरळ असते. खरी अडचण हीच आहे.

दूषके जागेनुसार बदलतात. धावपट्टीवर इंधन, तेल आणि विमानांवरचा बर्फ काढणारे ग्लायकॉल असते. ग्लायकॉल कुजताना ओढ्यातला प्राणवायू संपवते. गोदीत जहाजांच्या रंगातले तांबे आणि जस्त, तर गोळीबाराच्या मैदानांवर शिसे, आरडीएक्स हे स्फोटक आणि अग्निबाणांच्या इंधनातला परक्लोरेट हा क्षार सापडतो.

सर्वांत चिवट प्रश्न पीफास (PFAS) म्हणजे निसर्गात सहज न विघटणाऱ्या, फ्लोरिनयुक्त मानवनिर्मित रसायनांचा आहे. ती असलेला, इंधनाची आग विझवणारा फेस १९६०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधनातून पुढे आला आणि सरावांत दशकानुदशके जमिनीवर ओतला गेला. तो काँक्रीटमध्ये मुरला आहे. वापर थांबला तरी त्यातून पीफास पावसाबरोबर झिरपत राहते. ऑस्ट्रेलियातील विल्यमटाऊन हवाई तळावरून चरांवाटे ते बाहेर गेल्याने २०१५मध्ये लगतच्या खाड्यांतली मासेमारी बंद करावी लागली. याची झळ स्थानिक मच्छीमारांना बसली. तळाच्या कुंपणाआडचा प्रश्न म्हणून याकडे पाहता येत नाही.

उपायांत पहिला मान प्रतिबंधाला द्यायला हवा: इंधन भरण्याच्या जागेवर छप्पर, स्वच्छ पाण्याचे चर वेगळे, दूषित काँक्रीट उखडणे किंवा त्यावर लेप देणे. सरीचे पहिले पाणी बहुतेक दूषकांच्या बाबतीत अधिक मलिन असते, म्हणून ते वेगळ्या टाकीत वळवतात. पीफासला मात्र हा नियम नेहमी लागू पडत नाही, कारण ते काँक्रीटमधून सावकाश सुटते.

तेल-पाणी विलगक तरंगते तेल काढतो. पण अग्निशामक फेस त्यात शिरला की तेलाचे बारीक थेंब पाण्यातच अडकून राहतात. शिशाचा बराचसा भाग गाळाबरोबर खाली बसतो. परक्लोरेट पाण्यात पूर्ण विरघळते. प्राणवायूविरहित टाकीतले जिवाणू त्याचे निरुपद्रवी क्लोराइड करतात. पीफाससाठी सक्रिय कार्बन (दूषके पृष्ठभागावर धरून ठेवणारा सच्छिद्र कोळसा), आयन-विनिमय रेझिन (विद्युतभारित कण पकडणारे मणी) किंवा हवेचे बुडबुडे सोडून फेसाबरोबर ते वर काढण्याची पद्धत वापरतात. ज्यांच्या रेणूतली कार्बन अणूंची साखळी आखूड असते, अशी पीफास सक्रिय कार्बनमधून लवकर निसटतात. शिवाय पावसाच्या पाण्यातला पालापाचोळ्याचा सेंद्रिय अंश कार्बनवरची जागा अडवतो. अमेरिकेने २०२४मध्ये पिण्याच्या पाण्यातील पीफॉस (PFOS) आणि पीफोआ (PFOA) या दोन पीफास रसायनांसाठी प्रत्येकी लिटरमागे ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा ठरवली. पिण्याच्या पाण्याचा हा निकष अपधावाला थेट लागू नसला, तरी किती सूक्ष्म प्रमाण धोक्याचे मानले जाते हे त्यावरून कळते.

या पद्धती पीफास फक्त गोळा करतात. उरलेला संहत (पीफासचे प्रमाण खूप वाढलेला) द्राव नष्ट करण्यासाठी ३७४ अंश सेल्सिअसच्या वर, प्रचंड दाबाखालच्या पाण्यात त्याचे ऑक्सिडीकरण करण्याचे तंत्र विकसित होत आहे.