झोप आलीय की थकवा आलाय?

पुण्यात हिंजवडीच्या ऑफिसातून कोथरूडच्या घरी पोचेपर्यंत रात्रीचे आठ वाजतात. माणूस सोफ्यावर अंग टाकतो, म्हणतो, "मेलो, आता फक्त झोपायचं." साडेदहाला गादीवर पडतो आणि साडेबारापर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. मग तक्रार निद्रानाशाची. मुळात आठ वाजता झोप आलीच नव्हती, थकवा आला होता.

झोप ओळखायला सोपी. पापण्या जड, जांभयांवर जांभया, वाचता वाचता ओळ निसटते. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं, त्याने ही ओढ वाढते. कॉफीतलं कॅफिन ते कमी करत नाही, फक्त त्याची जागा अडवून बसतं. अंगातलं निम्मं कॅफिन उतरायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या कॉफीचा हिशेब रात्री अकराला करून बघा. शिवाय शरीराचं स्वतःचं घड्याळ असतं. दुपारची पेंग बरीचशी त्याचीच, नुसत्या आमटी-भाताची नव्हे. न जेवताही ती येते. (एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्यांना आपण उगाच नावं ठेवली.)

थकव्याचं तसं नाही. अंगात त्राण नसतं, काही करावंसं वाटत नाही, पण अंधाऱ्या खोलीत पडलं तरी डोळे टक्क उघडे. दिवसभर खुर्ची, मीटिंगा, भूमकर चौकातल्या ट्रॅफिकमधला क्लच-ब्रेक. डोकं पार शिणलेलं, पाय मात्र जवळजवळ कोरेच. आणि उजेडाचं काय? ऑफिसच्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स (हे उजेड मोजायचं एकक); ढगाळ दिवशीही बाहेर हजारोंनी, भर उन्हात लाखाच्या आसपास. शरीराचं घड्याळ या उजेडावर लागतं. दिवस काचेआड आणि रात्र मोबाइलसमोर गेली, की ते मागे पडतं.

झोपेची उधारी असेल तर ती झोपूनच फिटते. थकव्यावर मात्र रविवारी बारापर्यंत लोळणं हा अगदीच चुकीचा उतारा. त्या रात्री झोप आणखी लांबते. त्यापेक्षा सकाळी तळजाईच्या टेकडीवर जा, उजेडही मिळतो आणि पायही चालतात.

मात्र रात्रभर झोपूनही दिवसा पेंग येत असेल आणि घरचे घोरण्याला कंटाळले असतील, तर स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडखळण्याच्या विकाराची, तपासणी करून घ्या. थकवा आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ बघा, शाकाहारी घरात बी-१२ आधी. ही कमतरता टेकडी चढून भरून निघत नाही.