घड्याळातला नादकाटा आणि जायरोतला नादकाटा

‘काका, फिरवलं की फ्रिक्वेन्सी उतरते!’ असं सांगत गेल्या मे महिन्यात एक मुलगा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आला. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा, मेहनती. जुन्या भिंतीवरच्या घड्याळातला क्वार्ट्झ क्रिस्टल काढून त्याने सर्किट जोडलं होतं. मांडीवर काउंटर घेऊन तो फिरत्या खुर्चीवर बसायचा आणि आकडे वहीत उतरवायचा. सकाळी खुर्ची स्थिर ठेवून घेतलेले आकडे आणि दुपारी फिरवून घेतलेले आकडे यांत पाव हर्ट्झचा फरक होता. घड्याळाच्या क्रिस्टलचा जायरो, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर, झाला, अशी त्याची खात्री पटली होती. तो फरक उन्हाचा होता.

हा घोळ मी गेली कित्येक वर्षं ऐकतो आहे आणि दर वेळी तळमळतो. घड्याळ काय आणि जायरो काय, दोन्हीकडे क्वार्ट्झ, दोन्हीकडे नादकाटा (दोन दांड्यांचा ट्यूनिंग फोर्क), दोन्हीकडे पिझो, म्हणजे दाबाची वीज आणि विजेची हालचाल. मग काम करण्याची रीतही एकच असणार, असं मुलं धरून चालतात. त्यात प्रोजेक्टच्या वहीत आकार, किंमत आणि व्होल्टेज यांचा तक्ता भरून ‘तुलना’ उरकलेली असते. त्या तक्त्याने कोणाचंही भलं होत नाही.

घड्याळाचं तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून भरभर सांगतो. 1880 साली पिएर आणि झाक क्यूरी या भावांनी दाखवलं की क्वार्ट्झसारखा स्फटिक दाबला की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो. उलट, व्होल्टेज दिलं की तो किंचित वाकतो. घड्याळातला इवलासा नादकाटा असाच सेकंदाला 32,768 वेळा हलत ठेवतात. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, तोच सेकंदाचा ठोका. 1969 च्या सीको अ‍ॅस्ट्रॉन या मनगटी घड्याळात हा आकडा 8,192 होता, तिथे तेरा वेळा. इथे सगळी माहिती वारंवारतेत (फ्रिक्वेन्सीत) असते.

ही वारंवारता 25 अंश तापमानाला सर्वांत जास्त असते. त्याच्या वर किंवा खाली गेलात की ती उतरते, आणि तीही फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात, दर अंश-वर्गाला दहा लाखांत सुमारे 0.034 भाग. सकाळी 30 अंश आणि दुपारी 41 अंश धरा. हिशेब केलात तर 32,768 मधून साधारण पाव हर्ट्झ जातो. मुलाच्या वहीतला तो फरक हाच. खुर्चीच्या फिरण्याने घड्याळाच्या क्रिस्टलची वारंवारता जी काही हलेल, ती त्याच्या काउंटरला दिसणंच शक्य नव्हतं.

आता जायरो. इथेही काटा पिझोनेच हलवतात, दोन्ही दांडे एकमेकांजवळ येतात आणि दूर जातात. पण ही हालचाल म्हणजे फक्त तयारी. तिची वारंवारता आणि तिचा पल्ला, दोन्ही सर्किटने जितकं स्थिर ठेवता येईल तितकं ठेवायचं असतं. काटा त्याच्या उभ्या अक्षाभोवती फिरला की हलत्या दांड्यांवर आडवं बल येतं. 1835 साली कोरिऑलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडलं ते हेच. दांडे आतबाहेर हलता हलता पुढेमागेही हलू लागतात, एक पुढे गेला की दुसरा मागे. त्या पुढेमागे हलण्याचा पल्ला म्हणजे फिरण्याचा वेग. ते कोणत्या फेजमध्ये आहे, म्हणजे मूळ हालचालीच्या कोणत्या क्षणी कुठल्या बाजूला जातं, त्यावरून फिरण्याची दिशा कळते. वारंवारता तीच राहते. (प्रयोगशाळांत वारंवारतेवरून फिरणं मोजणारे जायरोही करतात. पण तुमच्या हातात येतो तो हा नव्हे, आणि आधी साधा समजून घ्यावा असं माझं ठाम मत आहे.)

म्हणून वारंवारता हा शब्द आला की मी मुलांना एकच विचारतो: ती मोजायची आहे की राखायची आहे? घड्याळात मोजायची, जायरोत राखायची.

एवढं कळलं तरी खरी अडचण पुढेच आहे, आणि तिच्यापाशी नीट थांबायला हवं. काटा सेकंदाला 10,000 वेळा हलतो असं धरा आणि तो सेकंदकाट्याच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला 6 अंश, फिरवा. दांड्याचं मूळ हलण्याचं त्वरण आणि हे नवं आडवं त्वरण यांचं गुणोत्तर काढलं, तर आडवं त्वरण मूळच्या सुमारे तीन लाखांत एक भाग भरतं. म्हणजे दांडा कापताना त्याची दिशा तीन लाखांत एक भाग चुकली, तरी फिरवल्याशिवायच तेवढीच आडवी हालचाल दिसणार. दशांश अंश चुकली तर ती पाचशे पट होईल. इतका अचूक काटा कोणीही कापू शकत नाही. मग जायरो चालतो तरी कसा?

उत्तर आपल्या घरातल्या झोपाळ्यात आहे. बडोद्यात ओसरीवर झोपाळा नाही असं जुनं घर क्वचितच. झोपाळा टोकाला पोचतो तेव्हा क्षणभर थांबतो आणि मध्यावर सर्वांत वेगात असतो. आता समजा, कड्यांतली एक कडी जरा आखूड आहे. झोपाळा थोडा तिरका जाईल आणि हा तिरकेपणा टोकाला सर्वांत जास्त असेल, कारण तो किती लांब गेलात यावर अवलंबून आहे. आता कड्या बरोबर आहेत, पण सगळी ओसरीच सावकाश फिरते आहे असं धरा. आडवा रेटा मध्यावर सर्वांत जास्त जाणवेल आणि टोकाला शून्य होईल, कारण कोरिऑलिसचं बल वेगावर अवलंबून असतं. दोन रेटे, एकाच वारंवारतेचे, पण एकाचा जोर टोकाला आणि दुसऱ्याचा मध्यावर. त्यांच्यात पाव फेरीचं, म्हणजे 90 अंशांचं अंतर आहे.

आखूड कडीच्या त्या रेट्याला क्वाड्रेचर म्हणतात. जायरोचं सर्किट आडवा सिग्नल नेमका योग्य क्षणाच्या तालावर तपासतं, म्हणून क्वाड्रेचर गाळला जातो आणि फिरण्याचा भाग उरतो. पण ताल जरा चुकला की पाचशे पट मोठा क्वाड्रेचर थोडासा झिरपतो, आणि स्थिर ठेवलेला जायरो ‘मी फिरतोय’ असं सांगू लागतो. तापमान बदललं की ताल बदलतो, म्हणून ही चूकही सरकत राहते. कारखान्यात दोन्ही काट्यांच्या टोकांवरचा धातू लेझरने जाळतात. घड्याळाच्या काट्यात ते वारंवारता 32,768 वर आणण्यासाठी असतं, जायरोच्या काट्यात तोल साधून क्वाड्रेचर कमी करण्यासाठी. यंत्र तेच, पण डोळा वेगळ्या आकड्यावर.

बाकीचे गैरसमज लवकर आटपतो. आत चाक फिरत नाही. बडोद्याचं कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय स्थापन झालं त्याच 1890 साली इंग्लंडमध्ये जी. एच. ब्रायन यांच्या लक्षात आलं होतं की झणझणणारा पेला फिरवला की त्याच्यावरच्या कंपनाचा आकार पेल्यापेक्षा मागे राहतो. माशीच्या पंखांमागच्या दोन गाठीसुद्धा कंपन करूनच वळण ओळखतात. मोबाइलमधले बहुतेक जायरो पिझो नसतात, ते सिलिकॉनचे असून धारकतेवर (कपॅसिटन्सवर) चालतात, तरी कोरिऑलिस तोच. आणि साधा जायरो कोन देत नाही, वेग देतो. कोन हवा असेल तर बेरीज करत जायचं, आणि शून्याची चूकही त्याबरोबर साठत जाते.

त्या मुलाला मी माझ्या डब्यातला मुराता कंपनीचा ईएनसी-03 हा जायरो दिला. तो क्वार्ट्झचा नसून पिझो सिरॅमिकच्या दांडीचा आहे, पण तत्त्व हेच. बॅटरी, मायक्रोकंट्रोलर आणि मेमरी कार्ड यांच्यासह तो जुन्या रेकॉर्ड प्लेअरच्या थाळीवर दांडी उभी ठेवून बसवायचा. मिनिटाला 33 पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्या म्हणजे सेकंदाला बरोबर 200 अंश, आणि याची मर्यादा 300 आहे. कागदावर सेकंदाला एका अंशामागे 0.67 मिलिव्होल्ट दिलेत, म्हणून 134 मिलिव्होल्टचा फरक यायला हवा. थाळी एकाच दिशेने फिरते, म्हणून दुसऱ्या दिशेसाठी दांडी उलटी करायची. जो भाग उलट होतो तो फिरणं. जो दोन्ही वेळा तसाच राहतो तो झिरपलेला क्वाड्रेचर आणि अँप्लिफायरची चूक. दोन्ही वाचनांची सरासरी काढली की 1.35 व्होल्टच्या शेजारी खरं शून्य मिळतं. हे सकाळी एकदा आणि दुपारी एकदा करायचं, आणि दोन्ही वेळचं तापमान या वेळी वहीत लिहायचं.