जकात, जॉबवर्क आणि परमनंट: पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत

पुण्याजवळच्या चाकणच्या ट्रॅफिकवर रोज बोंब असते, पण गाड्यांच्या एवढ्या कंपन्या इथे आल्या कशा आणि त्यांच्या पैशावर नक्की कोण जगलं हे समजायचं तर आधी पिंपरीला जावं लागतं.

पिंपरीची सुरुवातीची मोठी कंपनी गाड्यांची नव्हतीच, औषधांची होती, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ ची. मग १९६२ ला एमआयडीसी आली, भोसरी-आकुर्डी पट्ट्यात शेतजमिनी घेतल्या गेल्या, मुंबई-पुणे रस्ता आणि रेल्वे दारातच, पवनेचं पाणी जवळ, त्यामुळे मुंबईत जागा पुरेना झालेल्यांना हे बरंच पडलं. आकुर्डीत बजाजच्या स्कूटर निघायला लागल्या आणि १९६० च्या दशकातच टेल्को आली. (टाटा मोटर्स हे नाव नंतरचं, जुनी माणसं अजून टेल्कोच म्हणतात.) टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी इथे आधी ट्रक काढलेच नाहीत, आधी मशीन टूल्स, फाउंड्री आणि पोरांचं ट्रेनिंग, पुण्यातून पहिला ट्रक बाहेर पडायला १९७७ उजाडलं. माझ्या मते या शहराला सगळ्यात जास्त फायदा त्या ट्रेनिंगचा झाला. कारण तिथे शिकलेली कितीतरी माणसं पुढे भोसरीत गाळा घेऊन बसली, एक-दोन लेथ, एक ड्रिल, आणि कंपनीचं जॉबवर्क. कंपनीचं मटेरियल चलनावर, म्हणजे मालाच्या पावतीवर यायचं, पिन नाहीतर बुश असे छोटे पार्ट लेथवर घडवून टेम्पोत भरून परत, रिजेक्शन निघालं की ते आपल्या माथी आणि पेमेंट येईल तेव्हा येईल, पण अशा गाळ्यांवर हजारो घरं चालली.

दुसरा पैसा जकातीचा. शहराच्या हद्दीत येणाऱ्या मालावर जकात, आणि कंपन्यांकडे स्टील, टायर, पार्ट सारखे येतच राहणार, म्हणजे नाक्यावर ट्रकची रांग लागली की तिजोरी भरतीये असं समजायचं. १९७० ला नगरपालिका, १९८२ ला महापालिका, आणि पुढे आशियातली श्रीमंत महापालिका म्हणून जी टिमकी वाजली ती मुख्यतः या जकातीच्या जोरावर. रस्ते, पूल, उद्यानं सगळं त्यातूनच. २०१३ ला जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, २०१७ ला जीएसटी, आणि मग महापालिका सरकारच्या अनुदानाकडे बघायला लागली.

तिसरी गोष्ट परमनंट नोकरी. सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश, कुठून कुठून माणसं आली, आणि 'मुलगा टेल्कोत आहे' एवढं सांगितलं की लग्नाच्या बैठकीत पुढचं फार विचारायचे नाहीत. पगार, बोनस, कँटीन, कंपनीची बस, पीएफवर कर्ज काढून गुंठाभर जागेत घर. पण १९८९ ला टेल्कोत राजन नायर यांच्या युनियनचा संघर्ष पेटला, कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि पोलिसांनी त्यांना उचललं, तो संप मोडलाच. त्यानंतरच्या काळात बाहेरून काम करून घेणं आणि कॉन्ट्रॅक्टवर माणसं घेणं वाढतच गेलं. फक्त एका संपामुळे असं नाही म्हणत, १९९१ नंतरची स्पर्धाही होतीच, पण इथल्या लोकांच्या बोलण्यात तो संप अजून येतो.

मग चाकण. कांद्याच्या बाजाराचं गाव. बजाजचा प्लांट १९९९ ला, फोक्सवॅगन २००९ ला, मर्सिडीज पण पिंपरीतून इकडेच आली, महिंद्रा आली. गाड्या प्रचंड निघतात पण लाईनवर परमनंट किती आणि ट्रेनी, कॉन्ट्रॅक्टवाले किती ते गेटवर शिफ्ट सुटताना उभं राहून विचारा. जमीन गेलेल्या शेतकऱ्यांनी खोल्या बांधल्या, एका खोलीत चार-पाच पोरं, शिवाय मेस, पाण्याचे टँकर, बसचं कॉन्ट्रॅक्ट, लेबर सप्लाय, आणि कंपन्यांच्या भंगाराच्या कॉन्ट्रॅक्टवरून होणाऱ्या मारामाऱ्या तर सगळ्यांना माहितीच आहेत. गावात पैसा आला, नाही कोण म्हणतंय, पण पिंपरीसारखी जकात खाऊन रस्ते बांधणारी महापालिका या गावांना कधी मिळालीच नाही, ग्रामपंचायतींच्या जिवावर एवढा कंटेनरचा भार पडला आणि आता रोजची कोंडी बघतोयच आपण.

दरम्यान आकुर्डीत बजाजनं २००७ ला गाड्या काढणं थांबवलं होतं, २०२२ ला तिथेच इलेक्ट्रिक चेतकचा प्लांट सुरू झाला. तळेगावात जनरल मोटर्स २०२० च्या शेवटी बंद पडली, कामगार कोर्टात गेले, आणि २०२३ ला ह्युंदाईनं तो प्लांट घ्यायचा करार केला.